रणजोध एकटा ओढतो

पडद्यावर रणजोधनं छातीला साखळदंड बांधला आणि दरडीवरून अर्धा खाली लोंबणारा ट्रक ओढायला घेतला, तेव्हा अमळनेरच्या तंबूतल्या सिनेमात हिलाल भगत बाकावरून उठून उभा राहिला. मान खाली, खांदे पुढं, दोन्ही हात मागं वळवून काखेत काहीतरी घट्ट धरल्यासारखे. पडद्यावरचा ट्रक सरकायला लागला तशी हिलालच्या मानेवरची शीर फुगत गेली. मागच्यांनी आधी शुक् शुक् केलं, मग शेंगांची टरफलं फेकली.

"बठ ना हिलाल भो," मोतीलाल त्याचं धोतर ओढत म्हणाला, "मांगला लोकेसले दिखत नही."

हिलाल बसला नाही. ट्रक वर आला, त्यातून नायिका उतरली, रणजोधच्या छातीवर डोकं टेकून रडली, तेव्हा कुठं तो खाली टेकला. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मध्यंतरात त्यानं चहाही घेतला नाही. मोतीलालला एवढंच विचारलं.

"त्याना मांगे कोन व्हतं?"

मोतीलाल अमळनेरच्या एका जिनात कापूस तोलायचा. सिनेमाच्या मशीनवाल्याशी त्याची ऊठबस होती. मशीनवाल्यानं त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की ट्रकच्या आत एक ड्रायव्हर आडवा पडलेला असतो, इंजिन चालू असतं, रणजोधनं फक्त दात खायचे. हे सांगायला मोतीलालला काही जड नव्हतं. दोघं एका गावचे, एका गल्लीतले. पण त्यानं हिलालच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला गंमत सुचली.

"कोनीच नही," तो म्हणाला. "एकला."

हे सत्तावन साल. रणजोधचं वेड मात्र हिलालला सिनेमाच्या आधीपासूनचं. रणजोध तेव्हा नुसता पैलवान होता, पंजाबकडचा, मुंबईच्या फ्रीस्टाइल दंगलीत गोऱ्या पैलवानांना डोक्यावर उचलून दोरांबाहेर फेकणारा. एकदा ही दंगल धुळ्याला आली. हिलाल दोन भाकरी बांधून गेला. कुस्ती कशी झाली ते तो थोडक्यात सांगे. त्याचा जीव अडकला होता तो कुस्तीनंतरच्या एका क्षणात. मैदानातून बाहेर पडताना रणजोधच्या बुटात खडा गेला. बूट काढायला त्याला आधार हवा होता, म्हणून गर्दीतला सगळ्यात रुंद खांदा बघून त्यानं त्यावर हात टेकला. तो खांदा हिलालचा. खडा झटकला, बूट चढवला, रणजोध निघून गेला. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण हिलालच्या सांगण्यात हळूहळू असं झालं, की रणजोधनं खांदा चाचपला, मान हलवली, आणि जाताना हसला.

नथ्थू न्हाव्यानं वर्तमानपत्रातला रणजोधचा फोटो आरशाशेजारी चिकटवला होता. हिलालनं तो मागून घेतला आणि घरी देव्हाऱ्यात, मरीमायच्या टाकाच्या बाजूला, लावला. बायको तानुबाई रोज मरीमायला हळदीकुंकू वाहताना फोटोवरून बोट वळवून न्यायची. हिलाल तसाच थांबला तर नाइलाजानं फोटोलाही एक बोट लावायची.

आता अंबाळे गावात हिलाल कोण, हे सांगायला हवं. अंबाळे बोरी नदीच्या काठी, अमळनेरहून चालत गेलं तर घामेजून पोचावं इतक्या अंतरावर. चैत्रात मरीमायची जत्रा भरते आणि जत्रेला बारा गाड्या ओढतात. बैलगाड्या बारा, बैल एकही नाही. एकीमागं एक गाडी दोरखंडानं बांधायची, सगळ्या माणसांनी भरायच्या, इतक्या की गाड्यांची लाकडं कण्हायला लागतात. पहिल्या गाडीचं जू एकट्या माणसाच्या काखेत द्यायचं. तो भगत. त्याला उपास असतो, अंगभर हळद असते, अंगात माय असते. तो ओढतो आणि गाड्या वेशीपासून देवळापर्यंत चालत जातात. हिलालचा बाप भगत होता. बाप गेल्यावर हिलाल झाला. बाकीचं वर्षभर तो दुसऱ्याच्या रानात राबायचा, कापूस वेचायला बायकांच्या ओळीतही उभा राहायचा. त्या एका दिवशी मात्र पाटीलसुद्धा त्याच्या पायावर डोकं ठेवायचा.

गाड्या कशा चालतात हे अंबाळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही अंगांनी घरटी एकेक पुरुष चालतो. भगतानं पहिला हिसका दिला, की त्या पुरुषाचा हात चाकाला लागतो. कुणी बघत नाही, कुणी बोलत नाही. त्याला नुसतं 'हात' म्हणतात. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या तर विहीर, बैल, भांडी यांच्याबरोबर 'हात कुणाकडं' हेही ठरतं. ज्याचा हात गेला त्याचं घर मायपासून तुटलं. बाईनं मात्र त्या दिवशी गाड्यांना शिवायचं नाही, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही.

म्हणजे भगत ओढत नाही असं नाही. पहिल्या हिसक्याला त्याच्या कमरेतून कळ जाते. पण तो एकटा ओढत नाही, आणि हे हिलालला लहानपणापासून माहीत होतं. त्याला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी सिनेमाहून परत येताना वाटलं.

तो तोताराम आबांकडं गेला. आबा हिलालच्या बापाच्या शेजारी धावलेले. भगताच्या काखेला आधार देत दोन माणसं चालतात, त्यांना बगले म्हणतात; आबा बापाचे बगले होते. हिलालनं त्यांच्यापुढं बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"आबा, मी तुम्हना पाया पडस. पन यंदा मांगे कोनी हात लावाना नही. बगले बी नही."

आबांनी कानावरची बिडी काढली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"आरे, ती गाडी तुनी नही. गावनी शे. समदा घरना हात लागस, तव्हय माय चालस."

हिलालनं रणजोधचा ट्रक सांगितला. आबांनी सिनेमा पाहिलेला नव्हता. ते म्हणाले, त्या माणसाच्या गावाला माय नसेल. हिलाल उठून गेला.

गोष्ट पारावर गेली. तिथं ती थांबली असती, कारण म्हाताऱ्यांनी माना हलवल्या होत्या. पण मोतीलाल होता. तो म्हणाला, भगताच्या तोंडून माय बोलते असं आपणच म्हणतो ना, मग आता मायच म्हणत असेल, हात नको, तर आपण नाही म्हणणारे कोण. इतकं साळसूद तो बोलला, की दोघंतिघं फक्त धोतराच्या सोग्यात तोंड घालून हसले. हिलालचा चुलतभाऊ पुना सगळ्यात आधी 'हो' म्हणाला. हिलालच्या बापानंतर भगतपण आपल्याकडं यायला हवं होतं असं पुनाला वाटे, आणि ते त्यानं कधी लपवलं नव्हतं.

"दखू ते दे, कितला दम शे," पुना म्हणाला.

ठरलं. त्यानंतर जत्रेपर्यंत अंबाळ्यात जे चाललं त्याला नाटक म्हणावं, तर नाटकात निदान नटाला आपण नट आहोत हे माहीत असतं. हिलाल पहाटे उठून नदीच्या वाळूत जोर काढायचा. बांधावर बसलेली माणसं 'वा रणजोध' म्हणायची आणि तो मान लववायचा. पोरं त्याच्यासमोर हिंदीत डायलॉग मारायची. तो बिचारा हिंदीतच उत्तर द्यायला बघायचा. मोतीलालनं जिनातल्या पेंटरकडून एक पाटी रंगवून आणली, 'अंबाळ्याचा रणजोध', आणि ती अमळनेरच्या बाजारात टांगली. अमळनेरकरांना बारा गाड्या नव्या नव्हत्या. पण हात न लावता ओढणार म्हटल्यावर ते बैलगाड्या जुंपून यायला तयार झाले. हिलालला पाटी दाखवली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मोतीलालच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, भाऊ सख्खा असावा तर असा. मोतीलालनं हे वाक्य पुढं महिनाभर हिलालच्या आवाजात करून दाखवलं.

तानुबाईला हे सगळं दिसत होतं. ती अंगानं बारीक, बोलायला कमी. आखाजीच्या सणाला माहेरी गेली की झोक्यावरसुद्धा दुसरीला आधी बसवायची. एके सकाळी हिलाल दूध पीत बसला असताना ती चुलीपासून न उठता बोलली.

"तुमले काय कमी शे? गाव पाया पडस तुम्हना."

"गाव मना पाया पडस आनि मांगून मनी गाडी लोटस," हिलाल म्हणाला. "मी ते बाहुली शे. फुढे उभी करेल बाहुली."

"माय बी बाहुलीच शे. तिले बी आपनच उचलीसन लई जातस."

हिलालनं दुधाचा पेला तिच्या अंगावर फेकला. दूध गरम होतं. तिनं पदरानं मान पुसली आणि पेला उचलून घासायला टाकला. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्यावर हात टाकला नव्हता. आता हे रोजचं झालं. रणजोधच्या घरातली बाई रणजोधला असं बोलत नसणार, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं.

मग ती घरोघर गेली. पुरुषांना थेट काय बोलणार, म्हणून ती मागच्या दारी बायकांना भेटली. म्हणाली, तुमच्या माणसांना सांगा, नेहमीसारखा हात लावा. आमच्या ह्यांना कळणार नाही. गाड्या चालल्या की त्यांना वाटेल आपणच ओढल्या, वाटू द्या. बायकांनी ऐकून घेतलं. काहींचे डोळेही ओले झाले. बेबाबाईनं तर तिच्या पदरात ज्वारी घातली. शेवटी मोतीलाल स्वतःच तिच्या दारात आला. सोबत पुना.

"वहिनी, काळजी करू नका," मोतीलाल म्हणाला. "हात लागी जाई. त्याले समजाव बी नही."

"आन घ्या."

"मरीमायनी आन," मोतीलाल म्हणाला. पुनानंही घेतली. जाताना पुनानं विचारलं की भगताच्या मानाचं पितळी कडं घरात कुठं ठेवता.

जत्रेच्या दिवशी ऊन असं होतं की बोरीचं उरलंसुरलं पाणी पांढरं दिसत होतं. हिलालला हळद माखली, गळ्यात लिंबाचा पाला घातला. तो वेशीपाशी आला तेव्हा गाड्या केव्हाच भरल्या होत्या, आणि यंदा त्यात अमळनेरची माणसं होती. बाराव्या गाडीत तर माणसं दांड्यांवर लोंबकळत होती. आबांनी पाहिलं आणि म्हणाले, थोडे उतरा. कुणी उतरलं नाही. रणजोध ओढणार होता.

बगले आले, त्यांना हिलालनं हातानं बाजूला केलं. जू काखेत घेतलं. डफ वाजला. त्यानं मायचं नाव घेतलं, आणि मग ज्यांना ऐकू आलं ते सांगतात, रणजोधचंही घेतलं.

पहिला हिसका.

दोन्ही बाजूंना घरटी एकेक पुरुष उभा होता. मोतीलाल चौथ्या गाडीच्या चाकापाशी. त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले, आणि इकडंतिकडं बघून हलकेच म्हणाला, "जराखं दखू." बाकीच्यांनी त्याचं पाहून हात मागं घेतले. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं असं नंतर प्रत्येकानं सांगितलं. जराखं बघायचं, मग लावायचाच होता.

गाड्या हलल्या नाहीत. हिलालनं दुसरा हिसका दिला, तिसरा दिला. त्याच्या पायाच्या बोटांनी मातीत खड्डे पडले. डफवाला आधी जोरात वाजवत होता, मग त्याचा हात सैल झाला, मग तो थांबला. जत्रेत अशी शांतता कधी होत नाही. त्या शांततेत अमळनेरचा कोणीतरी गाडीवरून म्हणाला, "रणजोध, इंजिन चालू कर ना."

हशा पहिल्या गाडीतून सुरू झाला आणि बाराव्या गाडीपर्यंत गेला. माणसं हसून डुलली तशी गाड्यांची जुवं करकरली. हिलालला ते मागून जाणवलं आणि त्याला वाटलं, सुटतेय. त्यानं पुन्हा अंग झोकलं. नाकातून रक्त आलं, हळदीवरून खाली ओघळलं. तो गुडघ्यावर आला तरी जू सोडेना. आता लोक मोठ्यानं मोजायला लागले, हिसक्याला एकेक, कुस्तीत पाडलेल्या पैलवानाला मोजतात तसं.

तानुबाई बायकांच्या घोळक्यात, लांब, लिंबाखाली होती. तिनं आधी मोतीलालकडं पाहिलं. त्याचे हात पाठीमागंच होते. पुनाचे कमरेवर. ती पदर खोचून निघाली तेव्हा बायकांना कळलंच नाही ती कुठं चालली. वेशीच्या रस्त्यात शिरली, पुरुषांच्या रांगेतून वाकून गेली, आणि पहिल्या गाडीच्या चाकाला तिनं दोन्ही हात लावले.

"लावा रे हात," ती म्हणाली. ओरडली नाही. शेजाऱ्याला सरपण उचलू लागायला सांगावं तसं म्हणाली.

मग आरडाओरडा झाला. बाई शिवली, बाई शिवली. कुणी तिचे केस धरले, कुणी लाथ घातली. तिला ओढून काढायला जो तो पुढं धावला. ढकलाढकलीत दहा खांदे पहिल्या गाडीला भिडले, मागच्यांना वाटलं हात लावायची वेळ झाली, आणि इतका वेळ मागं धरलेले सगळे हात एकदम चाकांवर पडले. बारा गाड्या सुटल्या. गुडघ्यावर असलेल्या हिलालच्या पाठीवर जू आदळलं. त्याला पुढं पळता आलं नाही, तो कुशीवर लोळला, आणि माणसांनी गच्च भरलेल्या गाडीचं चाक त्याच्या उजव्या मांडीवरून गेलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं, गाड्या एकदा सुटल्या की देवळापर्यंत थांबवायच्या नसतात. थांबवल्या तर गावावर कोप. पुनानं पळत येऊन पडलेलं जू काखेत घेतलं. गाड्या देवळापर्यंत गेल्या. मागं रस्त्यात हिलाल आणि त्याच्या थोडं मागं तानुबाई, दोघं पडलेली, आणि मधे धूळ.

हिलाल जगला. धुळ्याच्या दवाखान्यात पाय कापला नाही, पण तो पाय त्यानंतर पाय राहिला नाही. पारावर लोक बसले आणि निकाल झाला: बाईचा हात लागला म्हणून माय कोपली. मोतीलालनं घेतलेली आण कुणाला आठवली नाही. तानुबाईनं आठवण दिली तर पुना म्हणाला, आम्ही हात लावणारच होतो, तू मधे आलीस. भगतपण पुनाकडं गेलं, पितळी कडंही. हिलालच्या घराचा हात काढून घेतला. बेबाबाई आणि तिच्यासारख्या बाकीच्या जणींनी तानुबाईबरोबर पाण्याला जाणं सोडलं.

आता तिला वाटत होतं, निदान घरात तरी खरं बोलता येईल. हिलाल शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा बोलला ते दवाखान्यात, मोतीलालशी. मोतीलाल केळी घेऊन भेटायला गेला होता, आणि खरं तर जरा घाबरूनच गेला होता.

"सुटेल व्हती गाडी," हिलाल त्याचा हात धरून म्हणाला. "मना पाठले समजनं. चाक सरकनं व्हतं. तितलामा हिनी हात लाया."

मोतीलालनं त्याच्याकडं पाहिलं, मग पायथ्याशी बसलेल्या तानुबाईकडं पाहिलं. "हां भो," तो म्हणाला, "मी बी दखं. सरकनं व्हतं." आणि केळ सोलून त्यानं हिलालला भरवलं.

त्यानंतर हिलालला हेच काम उरलं. तो ओट्यावर बाजेवर बसायचा. रणजोधचे सिनेमे आता वर्षाला दोन-तीन यायचे, परगावची तरणी पोरं ते पाहून अंबाळ्याच्या रणजोधलाही पाहायला यायची, कधी चेष्टेनं, कधी खरंच. हिलाल त्यांना सगळं सांगायचा, खांद्यापासून ट्रकपर्यंत. गाडीपाशी आला की आवाज खाली यायचा. मग तो आत हाक मारायचा. तानुबाई दारात यायची. कुणाच्या बांधावर निंदून आलेली असली तर हात मातीचे, तसेच.

साठ साली पारोळ्याकडची काही पोरं आली होती. त्यातला एक जण जरा शहाणा, कॉलेजातला. तो तिला म्हणाला, अक्का, खरं सांगा, एकट्या माणसानं बारा गाड्या हलतात का.

हिलाल बाजेवरून तिच्याकडं बघत होता. मानेवरची शीर फुगली होती.

"हालेल व्हती गाडी," ती म्हणाली. "मी हात लाया, म्हनीसन थांबनी."

हिलाल मागं टेकला. पोरांकडं वळला, तोंड भरून हसला.

"दखा," तो म्हणाला. "सोताना तोंडे सांगस, रांड."

पोरं हसली. तिनं पाहुण्यांना पाणी आणलं, आणि कॉलेजातल्या पोरानं पेला घेण्याआधी जरा विचार केला, की त्या हातचं प्यावं की नाही.